हरणारे गेले, जिंकणारेही गेले

२० मार्च २०२२ च्या रात्री मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं आणि इंडियन सुपर लीगचा करंडक उचलला. जादा वेळ संपला तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. मग गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोव्याचाच माणूस, याने केरळच्या तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबादेत त्या रात्री फटाके वाजले असतील. पुण्यातल्या काही घरांत मात्र टीव्हीसमोर बसलेल्यांच्या पोटात कालवलं. त्या विजेत्या संघातले निखिल पुजारी आणि आशिष राय पूर्वी बालेवाडीत नारंगी जर्सी घालून खेळायचे. लीगमधली ती जागाच मुळी २०१९ पर्यंत पुण्याची होती. एफसी पुणे सिटी बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली आणि तिथे तिसऱ्याच हंगामात विजेतेपद आलं. त्या काही घरांपैकी एक घर माझं.

माझी तक्रार हरण्याबद्दल नाही, हे आधीच सांगतो. संघ हरतात. रॉयल चॅलेंजर्सने २००८ पासून आयपीएल खेळून पहिला करंडक २०२५ मध्ये जिंकला. मधल्या काळात २००९, २०११ आणि २०१६ अशा तीन अंतिम सामन्यांत हार पत्करली. बंगळुरूची माणसं दर वर्षी लाल जर्सी घालून चिन्नास्वामीवर गेली, कारण दर वर्षी तिथे संघ होता. शिव्या घालायला संघ होता, लिलावात चुकीचा खेळाडू घेतला म्हणून भांडायला संघ होता, आणि अठराव्या हंगामात रडायलाही तोच संघ होता. आम्हा पुणेकरांना ती अठरा वर्षं कधी मिळालीच नाहीत. कुणी तीन वर्षं दिली, कुणी दोन, कुणी पाच. एका फुटबॉल क्लबने तर एकच हंगाम. हरणारे संघ गेले, दुसरे आलेले गेले, जिंकण्याच्या उंबरठ्यावर पोचलेलेही गेले.

सुरुवात झाली ती मोठ्या आकड्याने. मार्च २०१० मध्ये आयपीएलच्या दोन नव्या संघांचा लिलाव झाला आणि सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर मोजले. तेव्हाच्या दराने सुमारे १,७०० कोटी रुपये. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांत महाग गेलेला मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरना विकला गेला होता. आपल्या शहरावर कुणीतरी इतका पैसा लावला याचं त्या दिवशी पुण्यात कौतुक झालं. मलाही वाटलं की आता पुण्याचे दिवस आले.

२०११ चा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा पुणे वॉरियर्सचे घरचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते. गहुंजेचं मैदान तयार व्हायचं होतं. पुण्याच्या संघाचं घर नवी मुंबईत. पुण्याहून सामना बघायला घाट उतरायचा, मध्यरात्री परत चढायचा, आणि स्टँडमध्ये आजूबाजूला बसलेला माणूस मुंबईचा असायचा. पहिल्या वर्षी युवराज सिंग कर्णधार. नुकताच विश्वचषकाचा मानकरी ठरलेला माणूस, पण संघ दहापैकी नववा आला. दुसऱ्या वर्षी युवराज कर्करोगावरच्या उपचारांत होता आणि सौरव गांगुलीकडे सूत्रं आली. २०१२ ची सुरुवात सुंदर झाली. ६ एप्रिलला वानखेडेवर पुण्याने जेमतेम १२९ धावा केल्या आणि मुंबईला १०१ वर रोखलं. अशोक दिंडाने चार बळी घेतले. त्या आठवड्यात पुण्यात चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत माणसं वॉरियर्सबद्दल बोलत होती. नंतर ओळीने पराभव आले आणि संघ तळाला गेला. २०१३ मध्ये अँजेलो मॅथ्यूज, अॅरन फिंच, रॉस टेलर असे कर्णधार झाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला बंगळुरूत ख्रिस गेलने आमच्या गोलंदाजांना ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा फटकावल्या. तो विक्रम दाखवताना आजही पडद्यावर दिसतात ते पुण्याच्या जर्सीतले गोलंदाज. तीन हंगाम, ४६ सामने, १२ विजय.

हे सगळं मी सोसलं, आणि अनेकांनी सोसलं. वाईट संघाच्या मागे उभं राहण्यात एक वेगळं नातं तयार होतं, हे ज्याने कुठलाही खेळ मनापासून पाहिला आहे त्याला सांगावं लागत नाही. पण वरच्या मजल्यावर वेगळाच सामना चालला होता. आपण ९४ सामन्यांचा हिशेब धरून बोली लावली, प्रत्यक्षात कमी सामने मिळाले, तेव्हा शुल्क कमी करा, असं सहाराचं म्हणणं. नियामक मंडळाचं म्हणणं वेगळं. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने माघार जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये करार रद्द झाला. या भांडणात दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. ज्या शहराचं नाव जर्सीवर होतं त्या शहराला कुणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती, कारण करारात शहर हा पक्ष नव्हता.

गहुंजेबद्दल थोडं सांगायला हवं. मैदान देखणं आहे यात वाद नाही. लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सने ते रेखाटलं, मागे डोंगर, पावसाळ्यानंतर हिरवेगार. तेथून सामना उत्तम दिसतो. पण ते द्रुतगती मार्गाच्या कडेला, पुण्याच्या मध्यापासून २५-३० किलोमीटरवर आहे. लोकलने जायचं तर बेगडेवाडीला उतरून पुढची वाट आपली आपण शोधायची. संध्याकाळचा सामना रात्री साडेअकराला संपतो, आणि मग हजारो माणसं एकाच वेळी देहूरोडच्या दिशेला लागतात. आधी पुण्याचे सामने स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियमवर व्हायचे. तिथेच २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं होतं. पेठांतली माणसं त्या मैदानावर चालत जायची. महापालिकेच्या मालकीचं ते मैदान आणि क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांवरून वाद झाले, संघटनेने स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं, आणि पुण्याचं मोठं क्रिकेट शहराबाहेर गेलं. संघटनेची बाजू मला समजते. तरी चालत जाण्याच्या अंतरावरचं मैदान आणि गाडी काढून जाण्याच्या अंतरावरचं मैदान यांचे प्रेक्षक वेगळे असतात. पहिल्या प्रकारात शाळकरी पोरं असतात, आणि संघाला पुढची चाळीस वर्षं तीच पोरं पुरतात.

मग आला रायझिंग पुणे सुपरजायंट. चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली, तेवढ्याच काळासाठी दोन नवे संघ घ्यायचे ठरले आणि डिसेंबर २०१५ मध्ये संजीव गोयंका यांच्या कंपनीने पुणे निवडलं. दोनच वर्षं, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होतं. धोनी कर्णधार म्हणून आला. पहिल्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. तो योग्यच होता, मैदानावरच्या गवतापेक्षा माणसाची तहान मोठी. पुण्याचे घरचे सामने विशाखापट्टणमला गेले आणि संघ आठांत सातवा आला.

२०१७ चा हंगाम मात्र मी विसरणार नाही. कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे गेलं, धोनी नुसता यष्टिरक्षक म्हणून खेळला. बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं, आणि त्याच संघात दहा लाखांना घेतलेला राहुल त्रिपाठी होता. महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा, पुण्याच्या मैदानांवर घडलेला. त्याने हंगामात ३९१ धावा केल्या, कोलकात्याविरुद्ध ९३. १ मेला, महाराष्ट्र दिनी, गहुंजेत स्टोक्सने गुजरात लायन्सविरुद्ध नाबाद १०३ ठोकल्या आणि हरत आलेला सामना काढला. जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले. मुंबईला साखळीत दोनदा हरवलं, मग वानखेडेवरच्या बाद फेरीच्या सामन्यात तिसऱ्यांदा. त्या महिन्यात पुण्यात पहिल्यांदा मला रस्त्यावर, रिक्षाच्या पाठीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर आमच्या संघाचा जांभळा रंग दिसला.

२१ मे २०१७, हैदराबाद. मुंबईने २० षटकांत १२९ केल्या. पाच वर्षांपूर्वी वानखेडेवर आम्ही जिंकलो तो आकडाही १२९. शेवटच्या षटकात पुण्याला ११ हव्या होत्या, गोलंदाज मिचेल जॉन्सन. मनोज तिवारीने पहिल्या चेंडूवर चौकार मारला. पुढच्या दोन चेंडूंवर आधी तिवारी, मग ५१ धावा करून खेळत असलेला स्मिथ बाद झाला. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. डॅन ख्रिश्चनने चेंडू लेगला टोलवला, क्षेत्ररक्षकाच्या हातून तो निसटला, दोन धावा पूर्ण झाल्या, तिसरी धावताना ख्रिश्चन धावबाद. एका धावेने हरलो.

एखाद्या शहराचा संघ असा हरला की पुढची दहा वर्षं तो सामना त्या शहरात बोलला जातो. पुढच्या हंगामाचा पहिला सामना त्याचं उत्तर म्हणून बघितला जातो. बदला, जिद्द, पोरांच्या गोष्टी, सगळं तिथून सुरू होतं. आमच्यासाठी तो शेवटचा सामना होता. करार संपला, संघ मोडला, खेळाडू वाटले गेले. २०१८ च्या वसंतात कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला आले. गहुंजे पिवळंधमक झालं. चाहत्यांना घेऊन चेन्नईहून खास रेल्वे आली. धोनी तोच, मैदान तेच, वर्षभरापूर्वी तो आमच्याकडून खेळत होता आणि आता तो पाहुणा असूनही घरच्यासारखा खेळत होता. चेन्नईने त्या वर्षी करंडक जिंकला. त्यांच्या चाहत्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. दोन वर्षं संघ नव्हता तरी त्यांनी तो जपला, आणि तो परत आला. आमचा कधी परत आला नाही.

आणि २०२१ मध्ये गोयंकांच्या समूहाने ७,०९० कोटी रुपयांना लखनौचा संघ घेतला. नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स. म्हणजे संघाबरोबर नावही पुण्याहून निघून गेलं. अमेरिकेत क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ ब्राउन्स १९९५ मध्ये मालकाने बाल्टिमोरला न्यायचं ठरवलं, तेव्हा शहर न्यायालयात गेलं आणि तडजोडीत संघाचं नाव, रंग आणि इतिहास आपल्याकडे ठेवून घेतला. १९९९ मध्ये त्याच नावाचा संघ पुन्हा उभा राहिला. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःचा क्लब काढला आणि तळाच्या पायरीपासून वर चढवला. आपल्याकडे असं काही घडलं नाही याचा दोष मी फक्त मालकांवर टाकत नाही. आम्ही चाहतेही एकत्र आलो नाही. पुणे महापालिकेने, राज्य सरकारने, क्रिकेट संघटनेने यावर एकही प्रश्न विचारलेला माझ्या ऐकिवात नाही.

क्रिकेटची गोष्ट निदान सगळ्यांना ठाऊक आहे. फुटबॉलची फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि माझं जास्त दुखणं तिथे आहे.

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. तिथे २००९ नंतर दुपारच्या उन्हात आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय फुटबॉल लीगचे सामने व्हायचे. पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहाचा क्लब, २००७ मध्ये स्थापन झालेला, दुसऱ्या श्रेणीतून खेळून वर आलेला. पहिल्याच हंगामात तो आय-लीगमध्ये तिसरा आला. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. पुढे ड्युरँड चषकात अंतिम फेरी. प्रशिक्षक डेरिक परेरा गोव्याचे, जेजे लालपेखलुआ मिझोरामचा, आणि अराता इझुमी. इझुमी जपानमध्ये जन्मला, वडील गुजराती, आई जपानी. त्याने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं आणि २०१३ मध्ये तो भारतासाठी खेळला. तो पुण्यात राहून, पुण्याच्या क्लबसाठी वर्षानुवर्षं खेळला. शहराने त्याचा एखादा चौक, एखादं मैदान नावाने ओळखावं इतकं त्याने दिलं. आज पुण्यात दहा जणांना विचारलं तर एखाद्याला नाव आठवेल.

प्रेक्षक कमी असायचे. ते खरं. पण जे असायचे ते यायचेच. क्लबची अकादमी होती आणि तिचा युवा संघ देशात वरच्या क्रमांकावर होता. धावपट्टीपलीकडून सामना बघावा लागायचा, कारण बालेवाडीचं मैदान धावपटूंसाठी आखलेलं आहे आणि फुटबॉलचा प्रेक्षक गोलपासून फार लांब बसतो. तरीही एक क्लब हळूहळू मुरत होता.

२०१४ ला इंडियन सुपर लीग आली, टीव्हीचा पैसा आणि सिनेनट घेऊन. पुण्याला एफसी पुणे सिटी मिळाला, वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांच्या मालकीचा. पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे पुण्यासाठी खेळला. त्याच सुमारास कल्याणी समूहाने भारत एफसी काढला आणि तो आय-लीगमध्ये आला. डीएसके शिवाजियन्स हा क्लबही वर यायच्या तयारीत होता, लिव्हरपूलशी जोडलेली अकादमी घेऊन. एकाच शहरात चार व्यावसायिक फुटबॉल क्लब. गोवा आणि कोलकाता सोडले तर देशात असं चित्र क्वचितच दिसलं असेल. आणि पाच वर्षांत चारही गेले. भारत एफसी एका हंगामात, तळाला राहून, २०१५ मध्ये बंद. पुणे एफसी त्याच वर्षी. शिवाजियन्स दोन हंगाम खेळले आणि २०१७ मध्ये बाहेर पडले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये.

एफसी पुणे सिटीला २०१७-१८ मध्ये सूर सापडला होता. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो यांची जोडी, अकादमीतून आलेला आशिक कुरुनियन, प्रशिक्षक रँको पोपोविच. संघ चौथा आला, पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूविरुद्ध ०-० अशी बरोबरी झाली. स्टँडमध्ये चाहत्यांच्या ऑरेंज आर्मीचे ढोल शेवटच्या मिनिटापर्यंत थांबले नव्हते. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही १-३ हरलो. पुढच्या हंगामात तीन सामन्यांतच प्रशिक्षक बदलला. तोवर मालक समूहाची गृहकर्ज कंपनी संकटात सापडली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये जागा हैदराबादकडे गेली, आणि २०२५ मध्ये तीच जागा हैदराबादहूनही उठून दिल्लीला गेली. हैदराबादच्या चाहत्यांनी करंडक पाहिला, तरी शेवटी त्यांचं दुखणं आमच्यासारखंच झालं.

लोक म्हणतात, पुणेकर मैदानावर येत नाहीत. मला हे पटत नाही, पण त्यात एक खरा धागा आहे. पुणे आता अर्धं बाहेरून आलेल्यांचं शहर आहे. हिंजवडीत काम करणारा चेन्नईचा, कोलकात्याचा, लखनौचा तरुण आपला संघ बरोबर घेऊन येतो. मुंबईचा सामना असला की गहुंजेत निळा रंग जास्त. पण कुठल्याही वाढत्या शहरात असंच होतं, आणि तिथे पहिली पिढी नव्हे तर दुसरी पिढी शहराच्या संघाची होते. २०११ मध्ये दहा वर्षांचा असलेला पुण्याचा मुलगा आज पंचविशीकडे आला. त्याला संघ द्यायला हवा होता. त्याऐवजी तो मुंबईचा किंवा चेन्नईचा झाला. २०२४ मध्ये चेन्नईचा कर्णधार कोण झाला, तर पुण्याचा ऋतुराज गायकवाड. या शहरात खेळाडू घडतात. १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी पूना क्लबच्या मैदानावर नाबाद ४४३ केल्या तेव्हापासून, आणि त्याआधीही देवधरांच्या काळापासून घडतात. खेळाडू घडवायला लागणारी संस्था इथे आहे, मैदानं आहेत, जिमखाने आहेत. संघ टिकवणारी संस्था नाही.

मालक बाहेरचे होते म्हणून असं झालं, हेही अर्धंच खरं. कल्याणी आणि डीएसके ही इथलीच नावं. त्यांचे क्लबही लवकरच गेले, कारण आय-लीगला पुढे भविष्य उरलं नाही हे दिसत होतं आणि सुपर लीगचा दरवाजा पैशाने उघडत होता. मूळ दोष रचनेत आहे. आपल्याकडे लीग शहराचं नाव विकते, मालक काही वर्षांसाठी ते विकत घेतो, मैदान तिसऱ्याचंच असतं. गहुंजे संघटनेचं, बालेवाडी सरकारचं. संघ भाडेकरू. भाडं परवडेनासं झालं की सामान उचलून जायला त्याला कुणी अडवत नाही. मागे राहतो तो कपाटातला टी-शर्ट.

याउलट कोल्हापुरात जा. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहारचा सामना असेल तर दुपारपासून शहराची हवा बदलते. खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, प्रत्येकाची पेठ, प्रत्येकाचा रंग. टीव्हीचा मोठा पैसा तिथे नाही. कधी कधी प्रेक्षकांत मारामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात, ते मला मान्य नाही आणि तिथल्या जाणत्या लोकांनाही मान्य नाही. पण त्या गर्दीतल्या कुणालाही विचारा, पाटाकडील तालीम पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात जाईल का? तो तुमच्याकडे बघत राहील. तालीम विकता येत नाही, कारण ती कुणा एकाची नाही. जर्मनीतल्या बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मतं सभासदांकडे असतात, असा तिथला नियम आहे. कोल्हापूरच्या पेठांनी हाच विचार नियमाविना पाळला आहे. पुण्यात गणेश मंडळं सव्वाशे वर्षं चालतात, वर्गणी काढतात, भांडतात, पुन्हा एकत्र येतात. ज्या शहराला मंडळ टिकवता येतं त्याला फुटबॉल क्लब टिकवता येणार नाही, असं मी मानत नाही. फक्त तो क्लब कुणा एका उद्योगसमूहाच्या ताळेबंदावर उभा नसावा. सभासदांचा हिस्सा हवा, नाव आणि रंग शहराकडे नोंदलेले हवेत, आणि मैदान निदान दहा वर्षांच्या करारावर हवं.

एक संघ मात्र राहिला. पुणेरी पलटण. २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला हंगाम झाला, पलटण शेवटची आली. २०१५ मध्ये पुन्हा शेवटची. कुणी करार मोडला नाही. पुढच्या दोन्ही हंगामांत तिसरं स्थान. मग मधली बेचव वर्षं. मग २०२२ मध्ये अंतिम फेरीत जयपूरकडून २९-३३ अशी हार. मोहित गोयत, अस्लम इनामदार ही पोरं नवोदित म्हणून घेऊन इथेच वाढवली. अस्लम अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, तो पुढे कर्णधार झाला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाविरुद्ध पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले, सामना २८-२५ असा संपला आणि दहाव्या हंगामात पुण्याला पहिलं विजेतेपद मिळालं. त्या रात्री मी रडलो. शेवटून पहिल्यापर्यंतचा रस्ता एकाच नावाने, एकाच रंगात चाललेला आमच्याकडे एवढा एकच संघ आहे.

२०२५ च्या हंगामात पलटण साखळीत अव्वल राहिली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना २८-३१ असा दबंग दिल्लीकडून हरली. त्या अख्ख्या हंगामात पुण्यात एकही सामना झाला नाही. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली, या चार शहरांत लीग फिरली. साखळीत पहिल्या आलेल्या संघाच्या शहराने आपला संघ प्रत्यक्ष पाहिलाच नाही. लीगच्या संयोजकांना, राज्याच्या क्रीडा खात्याला आणि पलटणच्या मालकांना माझी विनंती आहे की पुढच्या हंगामात बालेवाडीचा एक टप्पा ठेवा, आणि तो दर वर्षी ठेवा. आणि वाचकहो, सामने आले तर तुम्ही घरी टीव्हीसमोर बसू नका. तिकीट काढा, पोरांना बरोबर न्या, संघ हरत असला तरी शेवटच्या चढाईपर्यंत बसा.